घाटात इंजिन तापते, बाटलीतून पाणी बाहेर पडते; हेड उघडण्यापूर्वी काय तपासावे?

दहाचाकी_होटगीरोड

सर्व अनुभवी मंडळींना नमस्कार. माझ्याकडे एकच गाडी आहे आणि ती मी स्वतःच चालवतो. २०१२ सालची दहाचाकी असून साध्या डिझेल पंपाचे, सहा सिलिंडरचे, टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) असलेले इंजिन आहे. होटगीहून सिमेंट भरून मी तुळजापूर, धाराशिव, बीड या बाजूला जातो. परतीला माल मिळेल त्याप्रमाणे कधी पुणे तर कधी हैदराबाद करतो.

गेल्या दोन महिन्यांपासून गाडी पाणी खाते आहे. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरून निघालो तरी बीडहून परत येईपर्यंत अडीच-तीन लिटर पाणी कमी झालेले असते. पुण्याच्या रहदारीत जाऊन आलो की त्याहूनही जास्त कमी होते. हैदराबादच्या खेपेला मात्र, अंतर जास्त असूनही, जेमतेम लिटरभर लागते. जमिनीवर कुठेही गळती दिसत नाही. जाते ते रेडिएटरचे जादा पाणी घेणाऱ्या वरच्या बाटलीच्या ओव्हरफ्लोमधून जाते, कारण बाटलीखालची चासी नेहमी ओली असते.

मागच्या आठवड्यात तुळजापूरच्या घाटात जे झाले, त्यामुळे हे लिहीत आहे. दुपारचे दोन वाजले होते, ऊन रणरणत होते आणि गाडी भरलेली होती. अर्ध्या घाटात काटा लाल पट्ट्याच्या जवळ गेला. मी थांबायला जागा शोधत होतो, तेवढ्यात तो आपोआप खाली आला आणि मधल्या रेघेच्याही खाली जाऊन बसला. गाडी थंड झाली असे समजून मी पुढे निघालो. दोन वळणांनंतर केबिनखालून वाफ आली. गाडी कडेला घेतली, तर रेडिएटरची वरची टाकी हात लावता येत नाही इतकी तापलेली होती आणि काटा मात्र खालीच होता.

इथल्या मेकॅनिकने टोपण उघडून इंजिन चालू केले, पाण्यात बुडबुडे दाखवले आणि हेड गॅसकेट (इंजिनचे वरचे झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालची सीलबंद पट्टी) गेल्याचे सांगितले. हेड उतरवणे, फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे), गॅसकेट, आणि उघडल्यावर लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) खराब निघाला तर तोही, असा सगळा मिळून साठ हजारांच्या घरातला अंदाज त्याने दिला आहे. दुसऱ्या एकाने थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, त्याने काहीही फरक पडला नाही. ऑइल स्वच्छ आहे, त्यात दुधाळपणा नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नाही. वर्षापूर्वी हिरवे कूलंट भरले होते. त्यानंतर वर जे टाकत आलो ते बोअरचे पाणी.

हेड उघडण्यापूर्वी आणखी काही तपासता येईल का? आणि डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नसेल, तर चालकाने पाहायचे तरी कशाकडे?

जुना_फिटर

हेड अजिबात उघडू नका. आधी एअर कंप्रेसर तपासा. मी एकतीस वर्षे अवजड वाहनांच्या कार्यशाळेत काम केले आहे. आपण वर्णन केलेल्या लक्षणांवर विनाकारण उतरवलेली हेडे मी इतकी पाहिली आहेत की आता बुडबुडे हा शब्द ऐकला तरी माझे लक्ष प्रथम ब्रेकच्या हवेकडे जाते.

कारण असे की, आपल्या पिढीच्या बहुतेक गाड्यांमध्ये ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कंप्रेसरचे हेड इंजिनच्याच पाण्याने थंड केले जाते. कंप्रेसरच्या डोक्याला हवेच्या नळ्यांखेरीज दोन पाण्याच्या नळ्या जोडलेल्या दिसल्या, तर आपला कंप्रेसर त्याच प्रकारचा आहे. त्या लहानशा हेडखालचे गॅसकेट फुटले किंवा हेडला बारीक चीर गेली, की टाकीत जायला हवी ती हवा पाण्यात शिरते. पाण्यात हवा शिरली की तेवढे पाणी बाटलीकडे ढकलले जाते, बाटली भरून वाहते, आणि रिकाम्या झालेल्या जागेत हवेचे खिसे राहतात. सपाट रस्त्यावर ते खपून जाते. घाटात मात्र इंजिन तापते.

माझ्या संशयाला आधार आपल्याच लिहिण्यात आहे. हेड गॅसकेटची गळती इंजिनवर भार येतो त्या मानाने वाढते. आपले पाणी मात्र किती अंतर गेलात आणि किती भार ओढलात यापेक्षा ब्रेक किती वापरलेत त्या हिशेबाने जाते आहे. पुण्याच्या रहदारीत पावलापावलावर ब्रेक लागतो, त्यामुळे कंप्रेसर सतत हवा भरत राहतो. हैदराबादच्या रस्त्यावर तासन्‌तास ब्रेकला पाय लागत नाही, टाक्या भरलेल्या राहतात आणि कंप्रेसर मोकळा फिरतो.

आता तपासणी कशी करायची ते सांगतो. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे शक्यतो सकाळी, गाडी सपाट जागेवर उभी करा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. ड्रेन कॉक उघडून एअर टाक्या रिकाम्या करा. रेडिएटरचे टोपण काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा आणि इंजिन चालू करून थोडे वाढवून ठेवा. बुडबुडे येऊ लागतील. मदतनिसाला हवेच्या काट्याकडे पाहत राहायला सांगा. साधारण आठ बारला अनलोडर (टाक्या भरल्यावर कंप्रेसरला मोकळा करणारी झडप) फुस्स करून हवा सोडतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्या क्षणी पाण्याकडे पाहा. अनलोडरने हवा सोडताच बुडबुडे थांबले किंवा एकदम कमी झाले, आणि दहा-बारा वेळा ब्रेक दाबून हवा उतरवल्यावर कंप्रेसर पुन्हा भरू लागताच ते परत आले, तर दोष कंप्रेसरचा आहे. हवेचा काटा कुठेही असला तरी बुडबुडे सारखेच येत राहिले, तर मात्र आपला मेकॅनिक बरोबर आहे. पाणी तापून टोपण उघडे ठेवण्याजोगे राहणार नाही, इतका वेळ हा प्रयोग लांबवू नका आणि पंख्याजवळ सैल कपडे घालून उभे राहू नका.

शंका उरलीच तर गाडी तशीच दगड लावलेली ठेवून कंप्रेसरमधून बाहेर पडणारा हवेचा पाइप सैल करा, म्हणजे हवेचा दाब तयारच होणार नाही. तरीही बुडबुडे आले तर ते इंजिनचे. पाइप पुन्हा घट्ट बसवून, हवा पूर्ण भरून आणि ब्रेक तपासूनच गाडी हलवायची, हे वेगळे सांगायला नको.

एक पुरावा फुकटात मिळतो. गाडी गरम असताना बंद केली की पाण्याच्या बाजूला दाब राहतो आणि हवेच्या बाजूचा उतरतो, त्यामुळे त्याच चिरेतून पाणी उलटे कंप्रेसरमध्ये झिरपते आणि सकाळी चालू केल्यावर टाकीत जाऊन पडते. पहिल्या एअर टाकीच्या ड्रेन कॉकखाली पांढरी ताटली धरा. हवेतल्या बाष्पाचे पाणी आणि थोडे काळे तेल प्रत्येक गाडीत निघते. त्याला हिरवी झाक असेल तर मग विचारायलाच नको.

राहिला प्रश्न खाली आलेल्या काट्याचा. तापमानाचा सेन्सर ज्यात बुडालेला असतो त्याचेच तापमान सांगतो. पाण्याची पातळी त्याच्या खाली गेली की तो वाफेत किंवा हवेत लटकतो, पाण्याचा स्पर्श सुटतो आणि काटा खाली येतो. चढावर, पूर्ण भारात, पाय अॅक्सिलरेटरवर असताना इंजिन आपोआप थंड होण्याचे काहीही कारण नसते. म्हणून चढताना काटा वर गेला तर गिअर खाली टाका आणि जागा मिळताच थांबा. पण तापलेला काटा चढावरच एकदम खाली आला, तर जागेची वाट न पाहता गाडी कडेला घेऊन बंद करा. पाणी असताना तापलेले इंजिन दोन-तीन मिनिटे हलक्या चालीवर ठेवून मग बंद करायचे असते. पाणीच संपलेले असेल तर तेवढा वेळही त्याला द्यायचा नाही, आणि त्यात लगेच गार पाणी तर मुळीच ओतायचे नाही. तापलेल्या हेडला चीर जाते ती बहुधा त्या बादलीभर पाण्याने.

रेडिएटर_दुरुस्ती_अक्कलकोटरोड

फिटर साहेबांनी कंप्रेसरबद्दल लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु कंप्रेसर सापडला म्हणून रेडिएटर निर्दोष ठरत नाही. वर्षभर बोअरचे पाणी टाकत आलो हे आपले वाक्य मला साठ हजारांच्या अंदाजापेक्षा जास्त गंभीर वाटले.

आपल्या भागातल्या बोअरचे पाणी किती जड आहे ते घरातल्या गीझरची कॉइल काढून पाहिली की कळते. तोच पांढरा थर इंजिनमध्ये लायनरच्या बाहेरून आणि हेडमधल्या वाटांमध्ये बसतो. क्षाराच्या थरातून उष्णता बिडाच्या मानाने वीस-पंचवीस पटींनी सावकाश जाते, म्हणजे एक मिलिमीटरचा थर बसला की धातूची भिंत दोन-अडीच सेंटिमीटर जाड झाल्यासारखे होते. पाणी नव्वद अंशांवर असते, काटा मधल्या रेघेवर असतो आणि थराआडचा धातू मात्र त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. रेडिएटरमध्ये हाच क्षार खालच्या बाजूच्या नळ्या आधी बुजवतो.

बुजलेला रेडिएटर ओळखण्यासाठी तो उतरवावा लागत नाही. गाडी चालवून आणल्यावर, इंजिन बंद करून पंखा थांबला की जाळीवरून हात फिरवा, पण धातूला टेकवू नका, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने पट्ट्यापट्ट्याने मोजा. वरून खाली तापमान सावकाश उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथून पाणी वाहत नाही. चकचकीत पितळ किंवा अॅल्युमिनियमवर हे यंत्र फसते आणि कमी आकडा दाखवते. मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावे.

बाहेरून बुजणे हा सोलापूरचा खास रोग आहे. उसाच्या हंगामात पाचटाचा भुगा, ज्वारीच्या काढणीनंतर कडब्याचा कोंडा आणि एमआयडीसीत चादर-टॉवेलच्या कारखान्यांच्या आसपास उडणारा सुताचा फुफाटा हे सगळे तेलकट धुळीला चिकटून इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत नमद्यासारखे बसते. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, कारण समोर असतो तो इंटरकूलर. मागच्या महिन्यात एका गाडीचे चार बोल्ट काढून इंटरकूलर पुढे झुकवला, तेव्हा हाताच्या तळव्याएवढा, उशीतल्या कापसासारखा थर अखंड निघाला. त्या गाडीचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही आधीच बदलून झाले होते. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावे आणि दाब कमी ठेवावा. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून धरला की पत्र्याच्या पापण्या आडव्या होतात आणि वारा कायमचा बंद होतो. जाता जाता हेही सांगतो की, गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत समोरच्या जाळीवर लावलेला सिद्धेश्वर महाराजांचा फ्लेक्स मे महिन्यापर्यंत तिथेच असलेल्या गाड्या माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात. श्रद्धेबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, फक्त फ्लेक्स केबिनच्या वरच्या कपाळपट्टीवर लावावा.

टोपण हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर असल्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी इथे शंभर अंशांच्या थोडे आधीच उकळते. टोपणाने एक बारचा दाब धरला की तेच पाणी एकशे वीस अंशांच्या आसपास उकळू लागते. टोपणाची रबरी चकती कडक झाली किंवा स्प्रिंग मेली की ही सगळी सवलत जाते आणि शंभरालाच पाणी बाटलीकडे धावते. टोपणावर जो दाब छापलेला असेल त्याच दाबाचे नवे टोपण घ्यावे. जास्त दाबाचे बसवले तर जुनी टाकी किंवा होज फुटतो. टोपणाच्या मधोमध एक लहान झडप असते. गाडी थंड होताना ती उघडून बाटलीतले पाणी परत आत घेते. ती अडकली असेल तर सकाळी रेडिएटरचा होज चपटा झालेला दिसतो.

लांबपल्ला_स्टेअरिंग

इतकी चर्चा पुस्तकात ठीक आहे. मी बावीस वर्षे सोलापूर–हैदराबाद–विजयवाडा करतो. माझ्या कोणत्याही गाडीत मी थर्मोस्टॅट ठेवलेला नाही आणि कूलंटवर एक रुपया खर्च केलेला नाही. जिथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो तिथे इंजिन लवकर गरम व्हावे म्हणून वेगळा भाग लागतोच कशाला? नवीन चालकांना घाबरवू नये, एवढीच विनंती.

जुना_फिटर

आपल्या बावीस वर्षांचा मान ठेवूनच लिहितो. थर्मोस्टॅटचे काम इंजिन गरम करण्यापुरते नसते. साधारण ब्याऐंशी अंशांना तो उघडू लागतो आणि पंचाण्णवच्या सुमारास पूर्ण उघडतो, आणि अनेक इंजिनांत तो उघडताना दुसऱ्या बाजूने बायपासची वाट बंद करत जातो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग भर घाटात, जेव्हा सगळे पाणी रेडिएटरमधून जायला हवे, तेव्हा त्यातला मोठा हिस्सा थंड न होताच परत इंजिनमध्ये फिरतो. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून काढलेला भाग तिला चढावर जास्त तापवतो, आणि डिसेंबरच्या रात्री मोकळ्या रस्त्यावर तीच गाडी साठ-पासष्ट अंशांवर चालून डिझेल जास्त पिते व लायनर झिजवते. आपल्या इंजिनात बायपासची रचना वेगळी असेल म्हणून आपले निभावले असेल. प्रश्नकर्त्यांनी मात्र तो परत बसवावा. बसवण्यापूर्वी घरी पातेल्यात पाणी तापवून, त्यात थर्मामीटर धरून, तो किती अंशांना उघडतो ते डोळ्यांनी पाहावे.

कूलंटविषयीही एक गोष्ट राहून जाते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे सगळेच विचारतात. आपल्या इंजिनातले लायनर बाहेरून थेट पाण्यात उभे असतात. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनरची भिंत थरथरते, तिला लागून असलेल्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि तो मार वर्षानुवर्षे एकाच जागी बसून धातूला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. कूलंटमधली रसायने लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात आणि तो मार सोसतात. ही रसायने संपतात, म्हणून रंग हिरवा दिसतो तोवर कूलंट चांगले, हा हिशेब चुकीचा आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत जी मुदत आणि जो प्रकार दिला असेल तो पाळावा, बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी वापरून निम्मे-निम्मे मिश्रण करावे, आणि दोन वेगळ्या प्रकारची कूलंटे रंग जुळतो म्हणून एकत्र करू नयेत. काही जोड्यांचा आत चिखल होतो आणि मग तो रेडिएटरवाल्या मित्रांकडेच काढायला न्यावा लागतो.

गेज_आणि_वायरिंग

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे चालकाने पाहायचे कशाकडे, यावर लिहितो, कारण माझा व्यवसाय तोच आहे.

डॅशबोर्डचा काटा हा चालकाने घाबरू नये म्हणून केलेला असतो, असे मी गमतीने म्हणतो. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मधल्या रेघेवरून हलत नाही. म्हणून अंश दाखवणारे वेगळे डिजिटल गेज, त्याच्या स्वतःच्या सेन्सरसह, थर्मोस्टॅटच्या आधी इंजिनमधून पाणी बाहेर पडते त्या जागी बसवावे. थर्मोस्टॅटच्या पुढे बसवले तर तो बंद असताना गेजला इंजिनचा पत्ताच लागत नाही. एकाच वायरीचा सेन्सर असेल तर त्याची अर्थिंग आट्यांमधून होते. गळू नये म्हणून त्यावर टेफ्लॉनची टेप भरपूर गुंडाळली की अर्थ कमजोर होतो, आणि रोध वाढला की गेजला वाटते इंजिन थंड आहे. इंजिन उकळत असताना सत्तर अंश दाखवणारे एक गेज मी केवळ टेप खरवडून दुरुस्त केले आहे. बाटलीत पातळी-सेन्सर आणि केबिनमध्ये बझर लावणे या सगळ्यापेक्षा स्वस्त आहे. तुळजापूरच्या घाटात आपल्याकडे तेवढे एक असते, तर काटा खाली येण्याच्या आधीच आपल्याला कळले असते.

पाण्याचे तापमान ही उशिरा येणारी बातमी असते. भार वाढल्यापासून ते पाण्यात दिसेपर्यंत काही मिनिटे जातात. एक्झॉस्टच्या वायूचे तापमान मात्र पाय दाबल्यापासून काही सेकंदांत बदलते. त्यासाठी के-प्रकारचे थर्मोकपल (जास्त तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) टर्बोच्या आधी, सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये बसवतात. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवावे, कारण लोखंडाचा एक कण टर्बाइनच्या पात्यांवर गेला तर गेजच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. टर्बोच्या पुढे बसवणे सोपे असते, पण तिथे भारात शंभर-दीडशे अंश, कधी त्याहूनही जास्त, कमी दिसतात आणि तो फरक स्थिर नसतो. टर्बोच्या आधीचे सातशे अंश ही दीर्घ चढावर न ओलांडायची मर्यादा समजावी. शुद्ध अॅल्युमिनियम सहाशे साठ अंशांना वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याहून कमी तापमानाला मऊ पडतो. पिस्टन टिकतो तो खालून उडणाऱ्या ऑइलमुळे आणि स्फोटांमधल्या गार हवेमुळे.

हा आकडा डोळ्यांसमोर असला की गिअर कधी बदलायचा हे सांगावे लागत नाही. वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटत चढले की डिझेल जास्त आणि हवा कमी जाते, तापमान चढते, आणि त्याच वेळी पंखा व पाण्याचा पंपही सावकाश फिरत असतात. एक गिअर खाली टाकला की हे चित्र उलटते. सपाट रस्त्यावरही आकडा नेहमीपेक्षा वर राहू लागला, तर एअर फिल्टर, इंटरकूलरचे होज आणि कोणी पंपावर डिझेल वाढवून ठेवले आहे का, हे पाहावे. चढ संपल्यावर थांबायचे असेल तर बंद करण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे हलक्या चालीवर इंजिन ठेवावे, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये थांबलेले ऑइल जळून कोळसा होते.

दहाचाकी_होटगीरोड

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण दोन खेपा झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

दुसऱ्याच दिवशी पहाटे पाच वाजता क्लीनरला घेऊन तपासणी केली. आधी ताटली धरली. पाणी निघाले ते तेलकट होते आणि काळ्या रंगाखाली हिरवट झाक स्पष्ट होती. माझ्या क्लीनरने ते पाहून उसाचा रस शिळा झाल्यासारखा दिसतो असे म्हटले. मग टाक्या रिकाम्या करून, टोपण काढून इंजिन लावले. भाजीला उकळी फुटावी तसे बुडबुडे येत होते. हवेचा काटा आठवर गेला, अनलोडरने हवा सोडली आणि पाणी विहिरीसारखे शांत झाले. ब्रेक दाबत दाबत हवा उतरवली, पुन्हा बुडबुडे आले. असे चार वेळा केले आणि चारही वेळा तेच झाले.

कंप्रेसरचे हेड काढले तेव्हा गॅसकेट पाण्याच्या भोकापासून सिलिंडरपर्यंत करवंटीच्या तुकड्याएवढे जळलेले होते. हेडचे फेसिंग, व्हॉल्व्हच्या पत्त्या आणि गॅसकेट असा मिळून खर्च साठ हजारांच्या दहाव्या हिश्शाच्याही आत बसला. त्याच वेळी इंटरकूलर पुढे झुकवून पाहिला. रेडिएटरवाल्या बंधूंनी सांगितलेला नमदा माझ्याकडेही होता, त्यात सुताचे निळे आणि लाल धागेसुद्धा होते. रेडिएटर उतरवून साफ केला, टोपण नवे घेतले, थर्मोस्टॅट पातेल्यात तपासून परत बसवला आणि शुद्ध पाण्यात निम्मे कूलंट भरले. भरताना एकदम ओतले तर हवा अडकते, म्हणून सावकाश भरून, टोपण उघडे ठेवून इंजिन चालवले आणि थर्मोस्टॅट उघडून पातळी बसल्यावर वर आणखी अडीच लिटर गेले.

दोन्ही गेज बसवली आहेत. त्याच तुळजापूरच्या घाटात, तेवढ्याच भाराने आणि तशाच उन्हात, पाणी ब्याण्णव अंशांच्या वर गेले नाही. पूर्वी मी जो चढ पाचव्या गिअरमध्ये रेटत असे तिथे एक्झॉस्टचा आकडा सहाशे नव्वदला पोहोचला; चौथ्यात टाकताच तो सहाशे तीसवर आला आणि वेळेत दोन मिनिटांचाही फरक पडला नाही.

मोकळ्या वेळात मी जुन्या काट्याची आणि नव्या आकड्यांची तुलना करून कागदाची एक पट्टी डॅशबोर्डवर चिकटवली आहे. मधल्या रेघेवर काटा अठ्ठ्याहत्तर अंशांना येतो आणि चौऱ्याण्णवपर्यंत तिथेच असतो. लाल पट्ट्याला टेकतो तेव्हा पाणी एकशे तीन अंशांवर असते. हा शेवटचा आकडा मी घाटात घेतलेला नाही. जुना सेन्सर काढून, त्याला अर्थची वायर जोडून, घरी कुकरमध्ये नव्या सेन्सरशेजारी धरून घेतला आहे, आणि त्या दिवशी घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

पाणी आता दोन खेपांत बाटलीवर बोटभर खाली आले आहे. बुडबुडे नाहीत, ताटलीत हिरवे काही नाही. परंतु पंख्यामागे वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालच्या छिद्राशी पांढऱ्या मिठासारखी एक रेघ वाळलेली दिसते. ते छिद्र सील गेल्याची खूण देण्यासाठीच असते असे समजून या रविवारी वॉटर बॉडी खोलतो आहे. फिटर साहेब, बेअरिंग आणि सील बदलून भागेल की पूर्ण बॉडीच घ्यावी, एवढे कृपया सांगावे.

जुना_फिटर

पंख्याचे पाते धरून पुढे-मागे हलवून पाहा. बेअरिंगमध्ये खेळ नसेल आणि आतल्या इंपेलरची पाती गंजून खाल्लेली नसतील तर सील व बेअरिंगचा संच पुरेसा आहे. खेळ असेल तर पूर्ण घ्या, कारण दांडा झिजलेला असतो आणि नवे सील त्यावर महिनाभरही टिकत नाही. बेल्ट बसवताना मध्यभागी अंगठ्याने दाबून साधारण दहा-बारा मिलिमीटर दबेल इतकाच ताण ठेवा. जास्त ताणलेला बेल्ट नवे बेअरिंग खातो.